गोधडीतलं वरण

"हा घे तुया नवा साबण," असं म्हणून आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, माझ्या हातात एक मोजा ठेवला.

मोजा मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा होता. टाच विरलेली, तिला रफू केलेलं. आत साबणाच्या चिपट्या ठासून भरलेल्या आणि तोंड सुतळीनं बांधलेलं. घरातल्या प्रत्येकाच्या हातून निसटून मोरीत जाऊ पाहणाऱ्या त्या लाल, हिरव्या, पांढऱ्या चिपट्या आत्याबाईंनी वर्षभर गोळा केल्या होत्या. त्या सगळ्यांचा आता असा एकत्र संसार लागला होता.

"अंग बी चांगलं घासते अन् हातातून सुटत बी नाई," त्या म्हणाल्या. "पाह्य तरी घासून."

मी तो मोजा हातात धरून मोरीच्या दारात उभी राहिले. घामानं माझी चोळी पाठीला चिकटली होती. मी चिखलदऱ्याची. आमच्याकडे चैत्रातसुद्धा पहाटे अंगावर काहीतरी ओढून घ्यावं लागतं. लग्न होऊन अकोल्यात आले तेव्हा पावसाळा होता, त्यामुळे फसले. पुढे होळी झाली आणि या गावाचं खरं रूप दिसलं. भिंतीला टेकावं तर भिंत चटका देई. नळाचं पाणी दुपारी आपोआप कढत येई आणि आत्याबाई त्यालाही बचत म्हणत.

"आत्याबाई," मी धीर करून म्हटलं, "साबणाचं राहू द्या. आपण एक कुलर घेऊ या का?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या मामाजींनी पेपर एकदम तोंडापुढे धरला. पेपर शेजारच्या तायडेबाईंचा, आणि कालचा.

"कुलर," आत्याबाई म्हणाल्या. जीभ पोळावी तसा तो शब्द त्यांनी उच्चारला. "अन् ओल्या चादरी कायच्यासाठी हायत घरात?"

खिडकीला ओली चादर टांगायची, जमिनीवर पाणी मारायचं आणि गप पडायचं, हा आमच्याकडचा कुलर. सगळ्या गल्लीत कुलर घरघरत. आमच्या घराला त्याचा एकच उपयोग होता. तायडेबाईंच्या खिडकीतल्या कुलरचं पाणी आमच्या अंगणात ठिबके आणि त्याखाली आत्याबाईंनी वांगी लावली होती.

त्यांना कंजूष मात्र म्हणवत नाही. दारी आलेल्याला त्या तूप वाढत, तेही हात न आखडता. फक्त एखादी गोष्ट वाया गेली की त्यांच्या पोटात दुखे, अगदी खरोखरचं. पेस्टची नळी त्या कात्रीनं उभी चिरत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर धोब्याचे कपडे लिहीत. एका काडीनं स्टोव्ह पेटवला की स्टोव्हवरून उदबत्ती, उदबत्तीवरून मामाजींची विडी. मामाजी म्हणत, "या घरात मायी विडी बी देवाचा प्रसाद हाय."

मी कुलरचं पुन्हा काढलं. मग पुन्हा. शेवटी पाडव्याच्या दिवशी श्रीखंडाचं पातेलं बोटानं निपटून काढता काढता आत्याबाई म्हणाल्या, "ठीक हाय. अखजीपर्यंत घर तू चालव. किराणा, भाजी, घासलेट, सारं. मले जेवढे पैसे लागते तेवढेच तुले देतो. त्यातून वाचवशीन ते तुयं. कुलर घे नाईतर हत्ती घे."

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, महिनाभरावर होती. तायडेबाईंचा भाऊ पत्र्याचे कुलर बनवायचा. त्याच्याकडे दुरुस्त केलेला एक जुना कुलर पडून होता आणि तो स्वस्तात देणार होता. माझे डोळे चमकले असावेत, कारण आत्याबाईंनी लगेच बोट वर केलं.

"पण एक ध्यानात ठेव. या घरात काई वाया गेलं, भाताचं शीत का असेना, तं करार मोडला. मंग कुलरचं नाव काढाचं नाई."

"आणि रीत तुमचीच ठेवायची ना?"

"मायीच."

तिथेच त्या फसल्या. बिचाऱ्यांना वाटलं, आपल्यापेक्षा जास्त काटकसर या घरात कुणाला जमणार नाही.

मी सुरुवात चहापासून केली. सकाळच्या चहाची पत्ती गाळून, उन्हात वाळवून दुपारी पुन्हा उकळायची, ही आत्याबाईंची रीत. मी ती दुपारनंतर पुन्हा वाळवली आणि संध्याकाळी पुन्हा उकळली. मामाजींनी कप हातात घेतला आणि बराच वेळ आत पाहत राहिले.

"कुमुद," ते म्हणाले, "कपाच्या बुडाशी गुलाबाचं फूल हाय. एवढ्या वर्षांत मले आज दिसलं."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि गिळला.

"बरा हाय," त्या म्हणाल्या. "पोटाले हलका."

मग मी दिवे बंद केले. रात्री गरज नसलेला दिवा मालवायचा, हा त्यांचा नियम. मी म्हटलं, उजेडी जेवलं तर एकही दिवा लागणार नाही. त्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकू लागली. माझा नवरा गजानन ऑफिसातून सायकल हाकत यायचा, तोवर त्याचं ताट वाढून तयार असे. त्याला हातपाय धुवायला वेळ देणंसुद्धा अवघड होई. तो शांत माणूस. आई आणि बायको यांच्यामध्ये पडायचं नाही, एवढं एकच शहाणपण त्याच्याजवळ होतं आणि ते त्याला पुरे पडे. भाजी रोज वांग्याची, कारण ती फुकट. त्यानं डबा उघडला की ऑफिसातली माणसं दुसऱ्या टेबलावर जाऊन बसतात, हे त्यानं मला पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

आत्याबाई काही बोलत नव्हत्या. बोलणार काय? प्रत्येक वेळी मी नम्रपणे म्हणे, "तुमचीच रीत आहे, आत्याबाई," आणि त्यांचं तोंड मिटे. गुरूची विद्या गुरूलाच फळली होती. पण दुपारची जेवणं झाली की त्या हल्ली गायब होऊ लागल्या. एकदा मी वांगी तोडायला अंगणात गेले आणि तायडेबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर आमच्या आत्याबाई तिथे पाटावर बसून दाट दुधाचा चहा बशीत ओतून पीत होत्या. डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर देवळात असतो तसा भाव होता.

मी खिडकीशी गेले. त्यांनी डोळे उघडले.

"तायडेबाईचं दूध नासाले आलं होतं," त्या म्हणाल्या. "वाया जाऊ द्याचं का?"

"नाही, नाही," मी म्हटलं.

मामाजींचा आधार मात्र तुटला होता. त्यांना तायडेबाईंकडे कुणी बोलवत नव्हतं. ते दिवसभर ओसरीवर बसून ओला पंचा डोक्यावर ठेवत आणि मला विचारत, "अखजी किती दूर हाय वं?"

वाचलेल्या पैशांचा माझा डबा मात्र भरत चालला होता. रात्री तो हलवला की आवाज दिवसेंदिवस जड येई. डोळे मिटले की मला त्या पत्र्याच्या कुलरची घरघर ऐकू येई आणि तिच्या आनंदात झोप लागे. एवढी मी त्या कुलरवर जीव लावून बसले होते.

मग मला घासलेटची गोष्ट सुचली. डाळ अर्धी शिजली की गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, स्टोव्हवरून उतरवायचा आणि गोधडीत गुंडाळून ठेवायचा. आतल्या आत ती शिजते. हीही आत्याबाईंचीच युक्ती, पण त्या ती थंडीत करत. मी ती भर चैत्रात सुरू केली. फोडणीसुद्धा आधीच देऊन टाकायची, म्हणजे पुन्हा स्टोव्ह पेटवायला नको. घरातली सगळ्यात जाड गोधडी मी काढली. दिवाळीत मी माहेरी गेले होते तेव्हा आत्याबाईंनी शिवलेली ती गोधडी, अजून कुणी पांघरलीही नव्हती. वरणाचा गंज तिच्यात गुंडाळून मी मामाजींच्या खाटेवर, भिंतीच्या बाजूला ठेवू लागले, कारण ती खाट सगळ्यात उबदार जागी होती.

"या घरात आता माह्यापेक्षा वरणाचे लाड जास्त हायत," मामाजी म्हणाले. पण ते जरा सरकून, वरणाला जागा देऊन, शेजारी झोपत.

अखजी अगदी तोंडावर आली होती. दुपार होती. आत्याबाई नासत चाललेलं दूध वाचवायला शेजारी गेल्या होत्या. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. आतून मामाजींचा आवाज आला, अगदी शांत.

"कुमुद, पूर आला."

मी धावत गेले. झोपेत त्यांनी कूस बदलली होती आणि भिंतीकडच्या त्या गाठोड्याला, कुणाला समजून ते देव जाणे, मिठी मारली होती. गंज आडवा झाला होता. वरण कोमट झालं होतं म्हणून ते पोळले नाहीत, पण मानेपासून कमरेपर्यंत पिवळेधमक झाले होते. गोधडीनं उरलेलं सगळं वरण शोषून घेतलं होतं. गंजात वाटीभरसुद्धा उरलं नव्हतं.

भाताचं शीत म्हटलं होतं आत्याबाईंनी. इथे अख्ख्या घराचं वरण गेलं होतं. एका कुलरसाठी रडायची मला लाज वाटत होती, तरी डोळे ऐकेनात.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही माझ्याइतकाच तो कुलर हवा होता.

"रडू नको," ते म्हणाले. "ते चादर दे इकडं."

त्यांनी ती ओली गोधडी तशीच अंगाखाली ओढली, वर चादर घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मी गंज घासून पालथा घातला. तेवढ्यात आत्याबाई आल्या.

"हे काऊन पडले?"

"ताप आला," मामाजी भिंतीला म्हणाले.

आत्याबाई जवळ गेल्या. नाक वर करून त्यांनी एकदा इकडे, एकदा तिकडे हुंगलं.

"तुमच्या अंगाले हिंगाचा वास काऊन येते?"

"तुया मोज्यातल्या साबणाचा असन."

"अन् जिऱ्याचा?"

आत्याबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावला. मग दोन बोटांनी त्यांच्या कानामागून काहीतरी उचललं आणि उजेडात धरून पाहिलं.

"तुमच्या कानापाशी तुरीची डाळ हाय," त्या म्हणाल्या.

मी आत जाऊन सगळं सांगितलं. मामाजी चादरीतून म्हणत होते की चूक त्यांची आहे, त्यांना तरुणपणापासून झोपेत लोळायची सवय आहे. आत्याबाईंनी चादर काढली, गोधडी पाहिली आणि तिचं एक टोक हातात घेऊन पिळलं. पिवळं पाणी ठिबकलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मुरलं हे पार," त्या म्हणाल्या. "नुसती धुवून वास नाई जाचा. उसवा लागन."

कराराचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही नाही. त्या दिवशी आम्ही पोळी आणि वांगी खाल्ली, आणि मामाजींना मोज्यानं घासून काढलं.

सकाळी अंगणात सावलीला बसून आम्ही दोघी गोधडी उसवू लागलो. उसवलेला दोराही टाकायचा नव्हता. तो मी एका काडीवर गुंडाळत होते, मधूनमधून डाळ निवडून बाजूला ठेवत. ती चिमण्यांसाठी. वरच्या थराला आत्याबाईंचं जुनं सुती लुगडं होतं. त्याखाली मामाजींचं धोतर. मी तेही उलगडलं आणि थांबले.

आत रेशीम होतं. गडद अंजिरी रंग, बोटभर जरीचा काठ, रंग जराही उतरलेला नाही. पण कापड घडीघडीवर उभं चिरत गेलेलं. मी बोट लावलं तिथे आणखी फाटलं.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"मायं," आत्याबाई म्हणाल्या. दोरा ओढायचा त्यांनी थांबवला नाही. "पयल्या दिवाळीले माया बापानं नागपूरहून आणलं होतं."

"फाटलं कसं? नेसून तर जुनं झालेलं दिसत नाही."

"नेसलंच नाई वं." त्यांनी दातानं दोरा तोडला. "गजाननच्या बारशाले नेसाचं होतं. म्हटलं, पोरगं अंगावर दूध टाकन, खराब होईन. मंग नणदेच्या लग्नात नेसाचं होतं. तवा म्हटलं, लग्नात गर्दी, कुठं अटकलं तं फाटन. असं करता करता गजाननचं लग्न आलं. म्हटलं, आता नेसतोच. सकाळी पेटी उघडली अन् घडी मोकळी केली, तं हे असं. घडीवरच विरलं होतं. इतकं जपलं की जपण्यातच गेलं."

लग्नात त्या साध्या हिरव्या सुती लुगड्यात होत्या, हे मला आठवलं. सुतीच बरं पडते अंगाला, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. मला तेव्हा त्यांचा साधेपणा फार आवडला होता.

"कोणाले काई बोललो नाई," त्या म्हणाल्या. "फेकवलं नाई हातानं. म्हून गोधडीत भरलं. म्हटलं, तेवढी तरी ऊब."

त्या अंजिरी कापडावर वरणाचे पिवळे डाग पडले होते आणि मला भयंकर अपराध्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "आत्याबाई, करार मोडला. माझ्या डब्यातले पैसे तुम्ही ठेवा."

त्या उठल्या. गुडघ्यावरचे दोरे झटकले, मग खाली वाकून ते पुन्हा वेचले आणि माझ्या काडीवर गुंडाळले.

"चप्पल घाल पायात," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"तायडेबाईच्या भावाकडं."

"पण वरण वाया गेलं ना."

"गेलं तं गेलं," आत्याबाई म्हणाल्या. "वरण एका दिवसाचं होतं."

पैसे कमी पडले तिथे त्यांनी स्वतःच्या पदराची गाठ सोडली. सोडताना चेहरा दात उपटताना होतो तसा झाला, पण सोडली. भाव मात्र त्यांनी अर्धा तास केला आणि वर कुलरच्या बाजूच्या ताट्यांचं नवं गवत फुकट मागून घेतलं. तायडेबाईंचा भाऊ शेवटी म्हणाला, "काकू, मीच येऊन बसवून देतो, पण आता घरी जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलर सुरू झाला. आवाज असा की जणू कुणी पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवतंय, पण हवा गार. मामाजी त्याच्या थेट समोर बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "आता कवाबी मेलो तरी चालते." गजानन मुद्दाम सुटी काढून घरी राहिला होता. आत्याबाई मात्र अस्वस्थ होत्या. त्या कधी कुलरकडे पाहत, कधी आमच्याकडे.

"एवढी हवा," त्या म्हणाल्या, "अन् माणसं चार. बाकीची भिंतीले लागून वाया चालली."

आणि कुणी काही म्हणायच्या आत त्या दाराबाहेर गेल्या. गल्लीत त्यांचा आवाज घुमला. तायडेबाई आल्या, स्वतःचा कुलर बंद करून. त्यांच्यामागून समोरच्या घरातल्या दोघी, कोपऱ्यावरची शिवणकाम करणारी बाई तिच्या मशीनसकट, आणि पोरंबाळं. खोली गच्च भरली. मामाजींना आधी बाजूला सरकवलं, मग ओसरीवर, मग अंगणात. गजानन केव्हाच सायकल घेऊन पसार झाला होता. मी सगळ्यांना चहा करता करता मागे मागे सरत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन पोचले. तिथे हवेची झुळूकसुद्धा येत नव्हती. ज्याच्यासाठी मी अख्ख्या घराला फुलाचा चहा पाजला, त्याच्यापुढे बसायला मलाच जागा नव्हती.

आत्याबाईंची नजर माझ्यावर पडली.

"सरका वो जरा," त्या बायकांना म्हणाल्या. "कुलर हिचा हाय. हिले पुढं येऊ द्या."

त्यांनी माझा हात धरून मला अगदी समोर बसवलं. पदर उडून तायडेबाईंच्या तोंडावर गेला. अंगावरचा घाम पहिल्यांदाच वाळला आणि मला हसू आवरेना. आत्याबाई माझ्या कानाशी वाकल्या, कारण त्या आवाजात तसं बोलल्याशिवाय ऐकू येत नव्हतं.

"तुया लग्नातला शालू कुठं हाय?"

"पेटीत."

"उद्या काढ अन् नेस."

"उद्या कुठे जायचंय?"

"कुठं नाई. उडदाचे पापड लाटाचे हायत."

दुसऱ्या दिवशी मी शालू नेसून पापड लाटले. पापड कुलरच्या हवेनं उडत होते, पीठ जरीत बसत होतं, आणि आत्याबाई माझ्याकडे बघत मुकाट्यानं लाट्या करून देत होत्या.